सेफ्टीचा राऊंड कसा मारायचा, म्हणजे साईटवरचा माणूस खरंच वाचेल

आधी चेंबूरच्या एका रिडेव्हलपमेंट साईटवरची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं मी त्यातूनच शिकलोय. सकाळी पावणेदहाला मी अकराव्या मजल्यावर राऊंड मारला, प्लंबिंगच्या डक्टवर (पाईप खाली न्यायला स्लॅबमध्ये ठेवलेल्या भोकावर) प्लाय टाकलेला होता, रजिस्टरमध्ये "ओपनिंग झाकलेली – होय" लिहिलं, सही केली आणि खाली आलो. जेवणानंतर प्लंबरच्या माणसाने पाईप सोडायला तो प्लाय काढला आणि काम झाल्यावर परत नुसता ठेवून दिला, खिळा नाही काही नाही. साडेतीनच्या सुमारास बंगालमधल्या मालदाकडचा एक हेल्पर, वय असेल बावीस-तेवीस, त्याला शटरिंगसाठी (काँक्रीट ओतायच्या साच्यासाठी) प्लाय हवा होता, हा चांगला दिसला म्हणून त्याने दोन्ही हातांनी उचलला, उभा धरला आणि एक पाऊल पुढे टाकलं. तोंडासमोर प्लाय, पायाखाली भोक आहे हे दिसणार कसं? दोन मजले खाली पाईपच्या सपोर्टवर अडकला म्हणून जगला. कमरेचं हाड मोडलं, सहा महिने गावाला पडून होता.

माझ्या रजिस्टरमध्ये खोटं काहीच नव्हतं आणि तेच मला जास्त लागलं. मी बघितलं तेव्हा डक्ट झाकलेला होता. पण साईट दर तासाला बदलते, आपण सकाळी बघून लिहिलेलं दुपारी लागू असेलच असं नाही. म्हणून तपासणी करायची तर ती कधी, कशी आणि कोणाला विचारून करायची हे नीट समजून घ्यायला लागतं. हे मी साईट इंजिनियर, सुपरवायझर, नवीन सेफ्टीवाले आणि ज्यांच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू आहे त्या सोसायटीच्या कमिटीवाल्यांसाठी लिहितोय.

तपासणीने फरक पडतो का

पडतो, पण कुठल्याही तपासणीने नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये धोकादायक उद्योगांतल्या कंपन्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून सरकारी तपासणी झाली, त्याचा अभ्यास २०१२ मध्ये सायन्स मासिकात आला. ज्यांच्याकडे तपासणी झाली तिथे पुढच्या वर्षांत दुखापती ९.४ टक्क्यांनी कमी झाल्या, दुखापतींवरचा खर्च २६ टक्क्यांनी घटला, आणि त्यापायी नोकऱ्या गेल्याचं काही दिसलं नाही. नंतर २०१६ मध्ये बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा दिसलं की तपासणीत दंड किंवा कारवाई झाली तर दुखापती कमी होतात, नुसतं येऊन बघून गेले तर फारसा परिणाम होत नाही.

आपल्याकडे हे धुळीच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने धुळीचे नियम काढले, ७० मीटरपेक्षा उंच बिल्डिंगच्या साईटला ३५ फुटी पत्रे, पाणी मारणं वगैरे. काम थांबवायच्या नोटिसा निघायला लागल्यावर पत्रे पटापट उभे राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये तर बोरिवली पूर्व आणि भायखळ्याची बांधकामंच थांबवली. म्हणजे काम बंद पडेल अशी भीती असली की आठवड्यात सगळं होतं, पैसेही निघतात आणि माणसंही मिळतात. हीच भीती उघड्या डक्टबद्दल का नसावी हा माझा प्रश्न आहे.

बरं, बाहेरून कोणी येईल याची वाट बघू नका. साईटवर मला चौदा वर्षं झाली, सरकारी अधिकारी सेफ्टी बघायला आलेले हाताच्या बोटांवर मोजता येतील. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ५०० कामगार असतील तिथे सेफ्टी ऑफिसर लागायचा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या नवीन कायद्यात, म्हणजे नवीन कोडमध्ये, बांधकामासाठी तो आकडा २५० वर आलाय. पण मुंबईतल्या गल्लीतल्या रिडेव्हलपमेंटवर साठ-सत्तर माणसं असतात, तिथे सेफ्टी ऑफिसर कायद्यानेही नाही आणि मालकाच्या मनातही नाही. तिथे राऊंड मारणारा माणूस म्हणजे तुम्हीच.

राऊंडची वेळ

ठरलेली वेळ ठेवू नका. दहाचा राऊंड सगळ्यांना माहीत असला की पावणेदहाला सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट येतं आणि साडेदहाला उतरतं. रोजचा छोटा राऊंड वेळ बदलून मारा, आठवड्यातून एकदा पूर्ण बिल्डिंगचा मोठा मारा.

आणि काही वेळा अशा असतात की तेव्हा हातातलं काम सोडून वर जायलाच हवं. जेवणानंतरचा तास, उन्हाळ्यात तर नक्कीच, माणूस पेंगुळलेला असतो. स्लॅब भरायचा दिवस, कारण तो रात्रीपर्यंत चालतो, लाईट कमी पडते आणि सगळ्यांना फक्त काँक्रीट दिसत असतं. मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आणि होळी किंवा छटपूजेनंतर गावावरून नवीन गँग येते तो पहिला आठवडा, कारण त्यातली दोन-चार पोरं पहिल्यांदाच उंचीवर चढत असतात आणि मुकादम त्यांना थेट कामाला लावतो. नवीन माणूस आला की त्याला पूर्ण बिल्डिंग फिरवून भोकं, डक्ट, लिफ्टचे दरवाजे दाखवायचे, अर्धा तास जातो, जाऊ दे.

चालायचं कसं

हॉईस्टने (बांधकामाच्या लिफ्टने) वर जा, पण खाली जिन्याने या. टेरेसवरून किंवा शेवटच्या स्लॅबवरून सुरुवात करून प्रत्येक मजल्यावर चारी कडेला जायचं, डक्ट बघायचे, लिफ्टच्या दरवाजांना रेलिंग आहे का बघायचं, जिन्याला कठडा आहे का आणि बल्ब चालू आहे का बघायचं. नुसतं हॉईस्टमधून डोकावून "ये ठीक है, चलो" म्हणणारे बरेच आहेत, त्यांना काहीच दिसत नाही.

आणि प्रत्येक राऊंडला कुठेतरी एका जागी पाच-सात मिनिटं गप्प उभं राहायचं. पहिली दोन मिनिटं सगळे तुमच्याकडे बघून व्यवस्थित वागतात, मग विसरतात आणि काम खरं कसं चालतं ते दिसायला लागतं. एकदा असाच उभा असताना बघितलं, बाहेरच्या प्लास्टरवाला गवंडी घमेलं घ्यायला दर वेळी हार्नेसचा (अंगावरच्या सेफ्टी पट्ट्याचा) हूक काढत होता कारण लॅनयार्ड (पट्टा आणि हूक जोडणारी दोरी) तिथपर्यंत पोचतच नव्हती. दिवसात साठ-सत्तर वेळा तो बिनाहूकचा असायचा आणि आमच्या रजिस्टरमध्ये "हार्नेस – होय". दुसऱ्या दिवशी आडवी लाईफलाईन, म्हणजे ताणलेला दोर, बांधून दिली, हूक सरकत जायला लागला, प्रश्न मिटला.

मोजा, नुसतं बघू नका

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट ही. फिनलंडमध्ये साईटवर दर आठवड्याची तपासणी कायद्यानेच लागते आणि तिथे नव्वदच्या दशकापासून टीआर नावाची पद्धत वापरतात. कल्पना सोपी आहे. चालताना दिसेल त्या प्रत्येक गोष्टीला एक रेघ मारायची, बरोबर किंवा चूक. एक माणूस काम करतोय, बरोबर की चूक. एक शिडी, एक डक्ट, एक इलेक्ट्रिकचा डबा, एक मशीन, मजल्यावरची एक खोली आवरलेली की पसारा. "तसं ठीक आहे" हा तिसरा रकाना नाही. शेवटी बरोबर भागिले एकूण गुणिले शंभर.

आपल्या "होय-नाही"च्या चेकलिस्टमध्ये काय होतं, चाळीस डक्टपैकी छत्तीस झाकलेले असले तरी आपण "होय" लिहितो, आणि माणूस पडतो तो उरलेल्या चारांतून. मोजायला लागलं की ते चार कागदावर येतात. पहिल्या आठवड्यात आमचा आकडा एकसष्ट आला होता, मुकादम म्हणाला साहेब काहीतरी चुकलं असेल, मग त्यालाच बरोबर घेऊन परत फिरलो तर छप्पन्न आला, कारण त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आकडा गेटवरच्या फळ्यावर खडूने लिहायचा, गँगप्रमाणे नाही, पूर्ण साईटचा. आणि त्यावरून कोणाची हजेरी कापायची नाही. हजेरी कापली की तुम्हाला बघून शिट्टी वाजते, सगळे सावध होतात, आकडा नव्वदला जातो आणि साईट आहे तशीच राहते.

हात लावून बघायच्या गोष्टी

हार्नेस. लांबून सगळे सारखेच दिसतात. हातात घेऊन पट्टा इंग्रजी यू सारखा वाकवायचा आणि बोट फिरवायचं, धागे तुटलेले असतील तर वाकवल्यावर उभे राहतात. शिलाई बघा, सिमेंटने पट्टा कडक झालाय का, वेल्डिंगच्या ठिणग्यांची भोकं आहेत का. हुकाचं झाकण आपोआप बंद होतं का बघा, सिमेंट भरून अडकलं असेल तर तो हूक नाहीच समजा. आयएस ३५२१ (हार्नेसचं भारतीय मानक) चं लेबल हवं. एकदा कोणी पडून लटकला असेल तर तो हार्नेस परत वापरायचा नाही, कापून टाका, ठेवला तर कोणीतरी घालतोच. आणि हूक कशाला अडकवलाय? सळईच्या उभ्या टोकाला, बांबूला, पाण्याच्या पाईपला अडकवलेले मी रोज बघतो. लॅनयार्ड साधारण १.८ मीटरची असते, शॉक अॅब्सॉर्बर उघडला की आणखी मीटरभर, त्यात माणसाची उंची धरा. म्हणजे पायाजवळ हूक अडकवून चार मीटर उंचीवर काम करणारा माणूस हार्नेस घालूनही जमिनीवरच आपटणार. हूक डोक्याच्या वर हवा.

डक्ट आणि भोकं. प्लायला खालच्या बाजूने पट्ट्या ठोकायच्या म्हणजे तो सरकत नाही, वरून खिळे, लाल रंग आणि हिंदीत मोठ्या अक्षरात "नीचे खड्डा है". चेंबूरनंतर मी एक नियम केला, प्लाय काढायचा तर काढणाऱ्याने माझ्याकडून चिठ्ठी घ्यायची आणि परत ठोकेपर्यंत एक माणूस तिथेच उभा करायचा. रजिस्टरमध्ये रकाना वाढवला: शेवटचं कोणी उघडलं, किती वाजता बंद केलं. सुरुवातीला प्लंबरच्या ठेकेदाराने बरीच कटकट केली.

परांची. पायथ्यापासून बघायला सुरुवात करा. खाली बेस प्लेट आणि फळी आहे का की पाईप थेट मातीत टेकवलाय, पावसात माती खचली की पूर्ण परांची झुकते. परांचीला बिल्डिंगशी बांधणारे टाय आहेत का, तिरके ब्रेसिंग (आधाराचे पाईप) कोणी "रस्त्यात येतं" म्हणून काढलंय का. वरच्या फळ्या बांधलेल्या हव्यात, एक टोक मोकळं असेल तर पाय पडताच दुसरं टोक वर येतं. कडेला कमरेएवढं रेलिंग आणि खाली टो बोर्ड (पायाजवळची आडवी फळी), नाहीतर वीट सरळ खालच्याच्या डोक्यात. शिडी चारास एक, म्हणजे चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर, आणि वर टेकते तिथून तीन फूट वर आलेली.

इलेक्ट्रिक. प्रत्येक डब्यातल्या आरसीसीबीचं (करंट गळला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटन स्वतः दाबा, ३० मिलीअँपचा हवा. ट्रिप झाला नाही तर त्या डब्यावरचं काम बंद. सॉकेटमध्ये काडी घालून खोचलेल्या उघड्या वायरी, पाण्यात पडलेले जॉईंट, पावसाळ्यात तर हे सगळ्यात आधी बघा. आरसीसीबी वारंवार उडतो म्हणून इलेक्ट्रिशियन त्याला बायपास करून ठेवतो, म्हणून झाकण उघडून बघायचं.

खोदकाम. दीड मीटरपेक्षा खोल असेल तर बाजूला उतार किंवा शोरिंग (माती धरून ठेवणारा आधार) पाहिजेच, काढलेली माती कडेपासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, जे जास्त असेल तितकी लांब, आणि डंपर कडेला येता कामा नये. मुंबईत शेजारची जुनी भिंत आपल्या खड्ड्याला लागूनच असते, तिलाही तडे आहेत का बघत राहा.

टाकी. इथे जरा थांबून वाचा. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. बंद टाकीत सडलेलं पाणी, राहिलेलं शटरिंगचं लाकूड, यांनी आतला ऑक्सिजन संपतो, वास काहीच येत नाही, माणूस दोन पायऱ्या उतरतो आणि पडतो. मग वरचा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. टाकी रोजच्या राऊंडमध्ये येत नाही कारण झाकण बंद असतं, म्हणून झाकणाला कुलूप आणि किल्ली तुमच्याकडे. उतरायचं तर आधी ब्लोअर लावून हवा, मग मीटरने ऑक्सिजन बघायचा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कोणीच नाही. उतरणाऱ्याला हार्नेस आणि दोर, दोराचं दुसरं टोक वर. मेणबत्ती नेऊन बघायचा प्रकार अजिबात नको, आत पेट्रोल किंवा थिनरची वाफ असेल तर भडका होईल. कोणी पडला तर आत उडी मारायची नाही, दोराने ओढा, ब्लोअर चालू ठेवा, १०८ आणि १०१ ला फोन.

हॉईस्ट आणि लिफ्ट. १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची बांधकामाची लिफ्ट कोसळून सात कामगार गेले, संध्याकाळी काम संपवून खाली येत होते. हॉईस्टचं आपल्याला डोळ्यांनी फार समजत नाही हे मान्य करा आणि ज्याला समजतं त्याच्याकडून ठरलेल्या तारखेला तपासून घ्या, सर्टिफिकेटची तारीख स्वतः वाचा. आपण बघायचं ते एवढंच, किती माणसं भरतात, दरवाजा उघडा असताना चालू होते का, ऑपरेटर तोच आहे का की जेवायच्या वेळी कोणीही बटन दाबतो.

कामगाराला विचारायचं काय

"सब ठीक है ना?" असं विचारलं की "हाँ साब" एवढंच उत्तर येतं. मी विचारतो, "इधर सबसे ज्यादा डर कहाँ लगता है?" आणि मुकादम जवळ नसताना विचारतो, चहाच्या वेळी. सेंट्रिंगवाल्या एका काकांनी मला सांगितलं होतं की सहाव्या मजल्याच्या मागच्या कॅन्टिलिव्हरवर (भिंतीबाहेर निघालेल्या स्लॅबवर) प्रॉप्स (खालचे टेकू) गँगने कमी लावलेत, बिचारे दोन दिवस गप्प होते कारण ठेकेदार त्यांच्याच गावचा. जाऊन मोजले तर खरंच कमी होते. असं कोणी सांगितलं तर त्याचं नाव कुठेही यायला नको, रजिस्टरमध्येसुद्धा नाही. धोका वाटला तर मालकाला सांगायचा आणि दखल नाही घेतली तर सरकारी इन्स्पेक्टरकडे जायचा हक्क नवीन कोडमध्ये कामगाराला दिलेला आहे, त्याला हे त्याच्या भाषेत सांगा.

सापडलेल्या चुकीचं काय करायचं

राऊंडचा निम्मा वेळ यावरच गेला पाहिजे. जीव जाईल अशी गोष्ट दिसली तर तिथेच काम थांबवायचं, फोटो काढून ग्रुपवर टाकून पुढे जायचं नाही. फोटो टाकला की सगळ्यांना वाटतं झालं, आणि डक्ट संध्याकाळपर्यंत उघडाच. थांबवायचा अधिकार तुमच्याकडे लेखी आहे का हे नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात प्रोजेक्ट मॅनेजरकडून घ्या, नंतर स्लॅबच्या दिवशी कोणी ऐकणार नाही. बाकीच्या गोष्टींना एक नाव आणि एक वेळ लिहा, "ठेकेदार" असं नाव नाही, माणसाचं नाव, आणि त्या वेळेला परत जाऊन बघा.

एकच चूक तीनदा सापडली तर चौथ्यांदा ओरडू नका, कारण शोधा. हेल्मेट घालत नाहीत, कारण आतला पट्टा तुटलाय आणि ते डोक्यावरून घसरतं. हूक लावत नाहीत, कारण लावायला जागा नाही. सेफ्टीची जाळी सोडतात, कारण तिथूनच मलबा टाकायला सांगितलाय. मी रजिस्टरमध्ये चुकीच्या बाजूला "का" असा रकाना केलाय आणि तो रिकामा असेल तर सही करत नाही.

सोसायटीच्या कमिटीवाल्यांनो, तुम्हाला वर चढता येणार नाही, गरजही नाही. महिन्याच्या मिटिंगला बिल्डरच्या माणसाकडे मागच्या चार आठवड्यांचं रजिस्टर मागा आणि फक्त एवढं बघा की त्यात चुका लिहिल्यात का. महिनाभर सगळं "होय" असेल तर तिथे कोणी वर गेलेलंच नाही. हॉईस्टच्या तपासणीची तारीख विचारा. कामगारांची सरकारी कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का विचारा.

ही नोंदणी राऊंडचा भाग धरा असं मी सांगेन. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयाच्या, वर्षभरात ९० दिवस काम केलेल्या कामगाराची नोंदणी होते, फी एक रुपया आहे, आणि कामावर मृत्यू झाला तर घरच्यांना पाच लाख मिळतात. बऱ्याच जणांना मंडळाकडून फक्त सामानाची पेटी मिळते एवढंच माहीत असतं. अडतं कुठे, तर ९० दिवसांच्या दाखल्यावर, ठेकेदार सही करायला टाळतो. मोठ्या राऊंडच्या दिवशी दहा जणांना विचारा, कार्ड आहे का. नसेल तर हजेरीवरून दिवस मोजून दाखला तयार करा आणि सही त्याच दिवशी मिळवून द्या, कारण पुढच्या आठवड्यात ती गँग दुसऱ्या साईटवर गेलेली असते.